तुमचा स्पायरिया का रुसला होता? (अनुभव धागा)

गुलाबावर आपण पानंच्या पानं लिहितो. स्पायरिया या फुलझुडपाच्या वाट्याला मात्र "लावला की झालं" एवढंच येतं. माझ्या कुंपणाला लागून व्हॅनहौटी जातीचा स्पायरिया आहे. फांद्या कमानीसारख्या वाकतात आणि वसंतात त्यांच्यावर पांढरे झुबके येतात, असं वाचून लावला होता. तीन वर्षं एक फूल आलं नाही! पानं हिरवीगार, वाढ जोमदार, आणि फुलांच्या नावाने शिमगा. खत बदललं, पाणी कमी केलं, मग वाढवलं, शेवटी झुडपालाच नावं ठेवली.

चौथ्या वर्षी भिंतीमागे दडलेली एक फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरी झाली. बाकी झुडूप कोरडं ठाक. त्या फांदीपर्यंत माझी कात्री पोचत नव्हती, एवढंच तिचं कर्तृत्व. व्हॅनहौटी फुलतो आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर, आणि मी दर वर्षी थंडी सरता सरता त्याला "नीटनेटका" करत होते. म्हणजे कळ्याच कापून फेकत होते. आता फुलं गळाली की लगेच छाटते आणि मग पुढच्या बहरापर्यंत हात लावत नाही.

तुमच्याकडे काय बिघडलं, कशाने सुधारलं, लिहा. फसलेले प्रयोग आधी.

खुरपं

माझी गंमत बरोबर उलटी. हाच "फुलं गळाल्यावरच छाटा" नियम मी अँथनी वॉटररला लावला. तो जपानी स्पायरिया, उन्हाळ्यात फुलणारा. त्याचे गुलाबी चपटे तुरे त्याच वर्षीच्या नवतीच्या टोकाला येतात. मी थंडीच्या अखेरीस काहीच कापलं नाही, तर झुडूप नुसतं लांबुडकं झालं, बुडाशी उघडं आणि टोकाला चार किरकोळ तुरे. आता थंडी संपताना जमिनीपासून वीतभर ठेवून बाकी सगळं उडवतो. पहिल्यांदा कापताना जीव वर-खाली झाला होता, पण घुमारे असे फुटले की दोन महिन्यांत बघत राहावं. वाळलेले तुरे लगेच खुडले तर दुसरा, जरा हलका बहरही मिळतो.

रंगावरून जात ठरवू नका. जपानीमध्ये अल्बिफ्लोरा पांढराच फुलतो. कोणत्या ऋतूत फुलतो ते एक वर्ष बघा आणि मगच कात्री काढा.

चिखलपाय

छाटणीचं ठीक, माझं दुखणं मातीत होतं. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या शाईने जाळी काढली आहे. जुनी खालची पानं ठणठणीत. नत्र कमी असतं तेव्हा आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, म्हणून ही लोहाची कमतरता हे कळलं. पण मातीत लोह घातलं तरी फरक पडेना. फेरस सल्फेट दोनदा दिलं, पाण्यात गेलं.

झाड सिमेंटच्या पायवाटेला खेटून होतं. मातीचा सामू (pH) तपासला तर 8 च्या वर. इतक्या अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि वरून घातलेलं साधं लोहही तसंच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (अशा मातीतही अडकून न बसणारं) दिल्यावर पुढची पालवी हिरवी आली. पिवळी झालेली पानं मात्र पुरती सुधारली नाहीत. पायवाटेजवळचं झुडूप शेवटी हलवलंच. दर वर्षी औषध पाजत बसण्यापेक्षा ते बरं.

दोन_कुंड्या

चिखलपाय, मीही पिवळ्या पानांवर लोहाचा मारा केला. पूर्ण हंगामभर. झाड गोल्डमाउंड होतं. त्याची पानं पिवळीच असतात.

सावलीतला

😂 दोन_कुंड्या, माझ्याकडे उलटा प्रकार. गोल्डफ्लेमची पालवी तांबूस-केशरी फुटून मग सोनेरी होते. एका वर्षी मधूनच दोन फांद्या हिरव्यागार निघाल्या. मी खूश, म्हटलं झाड धष्टपुष्ट झालं. पण हिरव्या पानांत हरितद्रव्य जास्त, त्यामुळे त्या फांद्या जोरात वाढतात आणि सोनेरी फांद्यांना झाकतात. दोन वर्षांत अर्धं झुडूप हिरवं. अशी फांदी दिसताक्षणी बुडातून काढायची, अर्ध्यावर छाटून उपयोग नाही. शिवाय माझ्याकडे ऊन कमी. सहा तासांच्या खाली ऊन असेल तर सोनेरी रंगही फिका पडतो आणि फुलंही कमी येतात. सावलीला औषध नाही.

पानगळ

भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड), दोन्ही एकाच उन्हाळ्यात. दोष माझाच. छाटणीनंतर प्रेमापोटी नत्रयुक्त खताचा हात सैल सोडला. शेंडे लुसलुशीत झाले आणि मावा पंगतीला बसला. कोवळं पान आत वळलेलं दिसलं, उलगडून पाहिलं तर आत हिरव्या ठिपक्यांची दाटी, बोटाला चिकट लागली. फांदीवरून मुंग्यांची रांग. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, असं तीनदा केलं. कीटकनाशक मारायच्या बेतात होते, तेवढ्यात लेडीबर्डच्या अळ्या दिसल्या आणि हात आवरला. पुढचं काम त्यांनीच केलं.

भुरीसाठी आतल्या दाट फांद्या विरळ केल्या. पान ओलं नसलं तरी भुरी येते. दाटी आणि कोंदट हवा पुरते. खत आता वर्षातून एकदा, थोडं कंपोस्ट बुंध्यापासून लांब पसरून. बस.

कात्रीबहाद्दर

सगळ्यांनी एक गोष्ट बघून ठेवा. फांदीचं टोक काळं पडून काठीच्या मुठीसारखं वाकलं आणि पानं करपूनही गळाली नाहीत, तर "पाणी कमी पडलं" म्हणून सोडून देऊ नका. माझ्याकडे तो फायर ब्लाइट निघाला, जिवाणूजन्य रोग. स्पायरिया गुलाबाच्या कुळातला, त्यामुळे सफरचंद आणि नाशपतीवर येणारा हा रोग त्यालाही होतो. मी फांदी काळ्या भागालगत कापली आणि त्याच कात्रीने शेजारची तीन झुडपं छाटली. पुढचं सांगायला नको. आता कोरड्या दिवशी, दिसणाऱ्या डागाच्या निदान फूटभर खाली कापतो आणि प्रत्येक कापानंतर पातं 70 टक्के अल्कोहोलने पुसतो. कापलेल्या फांद्या कंपोस्टमध्ये टाकत नाही.

जुनी_बादली

आमच्याकडचं झुडूप माझ्यापेक्षा वयाने मोठं. कुणीतरी वर्षानुवर्षं कुंपणाच्या कात्रीने गोल गोल चेंडू केला होता. बाहेरून हिरवं कवच, आत हात घातला तर नुसत्या काटक्या. दर वर्षी सर्वांत जाड, जुन्या फांद्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा जमिनीलगत कापत गेले. तीन वर्षांत झुडूप नवं झालं आणि एकही बहर पुरता बुडाला नाही. एका झटक्यात सगळं जमिनीलगत कापलं तरी ते बहुतेक वेळा फुटतं, पण वसंतात फुलणाऱ्याचं पुढच्या वर्षीचं फूल विसरायचं.

सावलीतला

अवांतर: "निळा स्पायरिया" म्हणून मी आणलेलं रोप कॅरिओप्टेरिस निघालं. त्याचा स्पायरियाशी कुळाचाही संबंध नाही. नावांचा घोळ जुनाच आहे म्हणा. 1899 मध्ये अ‍ॅस्पिरिनचं नाव ठेवलं, त्यातलं "स्पिर" स्पायरियावरूनच आलं. पण ती वनस्पती मेडोस्वीट, जी तेव्हा स्पायरिया उल्मारिया होती, आज फिलिपेंडुला आहे. तेव्हा डोकं दुखलं म्हणून कुणी कुंपणाची पानं चघळू नका.

दोन_कुंड्या

शिरोबाना कुणाकडे आहे का? एकाच झुडपावर पांढरी, गुलाबी आणि गडद गुलाबी फुलं आली आहेत. सावलीतल्याचं वाचून पांढऱ्या फांद्या कापायला निघाले होते.

सावलीतला

थांबा! ती जात तशीच आहे. कात्री खाली ठेवा.

धागाकर्ती

दोन_कुंड्या, तुमच्या हातातली कात्री काही दिवस लपवूनच ठेवायला हवी. 🙂

माझ्याकडची ताजी खबर: भिंतीमागची ती फांदी वाकून जमिनीला टेकली होती. काल उचलायला गेले तर उचलेना. खालून मुळं धरली आहेत. आता ती मूळ झुडपापासून लगेच तोडू की पानं गळेपर्यंत थांबू? कुणी केलं असेल तर सांगा.