पाणबुडी आतच राहिली, त्याचं काय? – ‘फँटास्टिक व्हॉयेज’ : सिनेमा आणि त्यावरची कादंबरी

धागाकर्ता

आमच्या घरात हा वाद मला कळायला लागल्यापासून चालू आहे. मामाचं म्हणणं, ‘फँटास्टिक व्हॉयेज’ हा सिनेमा विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्हच्या पुस्तकावरून काढला. माझं म्हणणं, उलट. मामाचा पुरावा बिनतोड वाटेल असाच आहे. पुस्तक १९६६ च्या पहिल्या काही महिन्यांत आलं आणि रिचर्ड फ्लायशरचा सिनेमा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मग कोण कोणावरून?

खरी गोष्ट अशी की पटकथा आधीच तयार होती. ती असिमोव्हच्या हातात देऊन याची कादंबरी करून द्या म्हणून सांगितलं. त्यांचा लिहिण्याचा झपाटा असा, आणि सिनेमाला लागला उशीर, की पडदा उघडायच्या आत पुस्तक दुकानात. नवरदेवाआधी वऱ्हाड मांडवात पोचलं म्हणून लग्न वऱ्हाडाचं होत नाही, असं मी मामाला सांगतो. मामा ऐकत नाही.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी. शीतयुद्धाचा काळ. माणसं, यंत्रं, काहीही जंतूएवढं लहान करायची विद्या दोन्ही बाजूंना साधली आहे, पण ती टिकते फक्त साठ मिनिटं. ती मर्यादा कशी ओलांडायची हे ज्याला ठाऊक आहे तो शास्त्रज्ञ, बेनेस, पलीकडून इकडे येतो आणि येतानाच हल्ला होऊन त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी होते. बाहेरून ऑपरेशन अशक्य. म्हणून ‘प्रोटियस’ नावाची पाणबुडी आणि पाच माणसं लहान करून सुईतून त्याच्या मानेतल्या धमनीत सोडतात. पाचांतला एक फितूर.

आपल्याकडे प्रवास बहुतेक कादंबरीकडून सिनेमाकडे होतो. इथे उलटा झालाय, म्हणून विचारतो. आधी काय हाती लागलं, पुस्तक की सिनेमा? आणि दुसऱ्याने पहिल्याचं काय केलं? परीक्षण नको, अनुभव लिहा.

---

फळाखडू

आधी सिनेमा, मग पुस्तक. मधे बारा वर्षं.

सिनेमाच्या शेवटी पांढरी पेशी पाणबुडीला गिळते, फितुरासकट. बाकीचे चौघं डोळ्याच्या नसेजवळून अश्रूच्या थेंबात बाहेर येतात आणि बघता बघता मूळ आकाराचे होतात. टाळ्या. संपला. तेव्हा मी कॉलेजात होतो, मलाही काही खटकलं नाही. पुढे नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागलो आणि एक दिवस फळ्यासमोर उभं असताना एकदम डोक्यात आलं : अरे, पाणबुडी आतच राहिली! पेशीने तिचे तुकडे केले असतील, पचवलीही असेल. पण तेवढं लोखंड साठ मिनिटं झाल्यावर परत मोठं व्हायलाच हवं. बेनेसची कवटी कुठे राहील?

असिमोव्हनी पटकथा वाचल्या वाचल्या हेच पकडलं होतं. शेवट बदलू देत असाल तरच लिहितो, अशी त्यांची अट. त्यामुळे कादंबरीत ही मंडळी त्या पांढऱ्या पेशीला मुद्दाम डिवचतात आणि आपल्या मागे मागे ओढत थेट अश्रूपर्यंत आणतात. पाणबुडीचा भंगार माल पेशीच्या पोटातूनच बाहेर येतो आणि बाहेर मोठा होतो. मी हे पान वाचलं तेव्हा पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. बारा वर्षांचं देणं फिटल्यासारखं वाटलं.

त्यांनी आत्मचरित्रात एक किस्सा सांगितलाय. सिनेमा बघताना त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीने शेवटी लगेच विचारलं, बाबा, आता ती पाणबुडी मोठी नाही का होणार? असिमोव्ह म्हणाले, होणार, पण हे तुला कळतंय कारण तू सिनेमा काढणाऱ्यांपेक्षा हुशार आहेस. हा किस्सा मनात धरून मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला सिनेमा दाखवला. शेवट आला. मी श्वास रोखून. भाचा म्हणाला, “मामा, आत असताना त्यांना शू लागली तर?”

उत्तर ना सिनेमात आहे, ना पुस्तकात.

---

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेवीस वर्षं काम करते. दिवसाला किती स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले रक्ताचे थेंब, बघते ते मोजत नाही. लिशमन स्टेन हा रंग टाकून, धुऊन, वाळवून भिंगाखाली ठेवलं की तांबड्या पेशी फिकट गुलाबी दिसतात, मधे किंचित पोकळ, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं जांभळं केंद्रक तीन-चार गाठी मारलेल्या दोऱ्यासारखं. त्यामुळे माझं मत जरा कडू असेल, सांभाळून घ्या.

सिनेमात रक्तवाहिनी म्हणजे प्रशस्त दिवाणखाना. मधून रंगीत फुगे तरंगत जातात, लांबवर सगळं स्वच्छ दिसतं. अहो, रक्तात चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा पेशींनीच भरलेली असते. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहून पलीकडचं टोक दिसतंय का बघा, तसं दिसेल आतून. आणि केशवाहिनीत तर तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि वाट कधी कधी तिच्याहून अरुंद. ती अंग चोरून, दुमडून जाते. तिथे पाणबुडी!

एवढी चिडचिड करूनही पुस्तकातला एक प्रसंग मला फार आवडतो. फुप्फुसाच्या केशवाहिनीत पेशी निळसर रंगाची येते आणि बघता बघता लाल होऊन निघून जाते. प्राणवायू घेतला, कर्बवायू टाकला, पुढची आली. सिनेमातही आहे हा प्रसंग, पण तिथे मी रंग बघत होते. पुस्तकात मला त्या माणसांचं गप्प होणं ऐकू आलं. माझ्या स्लाइडवरच्या सगळ्या पेशी मेलेल्या असतात ना. जिवंत पेशी काम करताना मी कधी बघितलीच नाही, हे मला एका कादंबरीने सांगितलं. (काचेवरच्या निळसर पेशी शोधू नका. कमी प्राणवायूचं रक्त गडद लाल असतं, निळं नाही. पण तेवढं माफ.)

---

पुलाखालचा

फाउंटनच्या फुटपाथवर घेतलं होतं. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत. त्यामुळे हे कोणत्या सिनेमाचं पुस्तक आहे हे मला ठाऊकच नव्हतं, असिमोव्हची आणखी एक कादंबरी म्हणून वाचलं. वाचताना सारखं वाटत होतं, हा माणूस आज एवढी पळापळ का करतोय? याची माणसं एरवी खोलीत बसून बोलतात.

---

उसवण

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील शिंपी होते. नवा शर्ट शिवायला आला की गुणगुणत मशीन चालवायचे. आल्टर करायला आला की दोन दिवस खुंटीला लटकून राहायचा. “दुसऱ्याची कात्री चुकलेली असते,” म्हणायचे, “आणि दोष आपल्या शिवणीला लागतो.” उसवलेल्या जुन्या टाक्यांची भोकं कापडावर दिसत राहतात, ती लपवण्यात अर्धी मेहनत जाते.

ही कादंबरी मी त्या नजरेने वाचली आणि भोकं दिसली. एक जागा सांगते. पाणबुडीतली हवा संपत आल्यावर फुप्फुसातून हवा भरून घ्यायची, असं पटकथेत आहे. तिथे असिमोव्ह शांतपणे अडचण काढतात की आपण एवढेसे झालोय आणि बाहेरच्या हवेचे रेणू मात्र होते तेवढेच आहेत, ते आपल्या छातीत मावणार कसे? मग ती हवाही लहान करून घ्यायची सोय पात्रांना करावी लागते. गोष्ट दोन पावलं थांबते, टाका पडतो, पुढे जाते. गोष्टीच्या दृष्टीने हा अडथळाच आहे. पण मला त्या थांबण्यात वडील दिसतात, तोंडात टाचण्या धरलेले.

गोष्ट आपली नाही हे त्यांना टोचत असणार, कारण १९८७ मध्ये त्यांनी याच कल्पनेवर स्वतःची कादंबरी लिहिली. ‘फँटास्टिक व्हॉयेज २ : डेस्टिनेशन ब्रेन’. एक अमेरिकन शास्त्रज्ञ, सोव्हिएत प्रयोगशाळा, पुन्हा मेंदू. माणूस लहान कसा होतो याचं उत्तरही आता त्यांच्या मनासारखं : अणूंचं माप ज्यावर ठरतं तो प्लँकचा स्थिरांकच त्या जागेपुरता कमी करायचा. शास्त्र चोख. आणि वाचताना मला तीन वेळा झोप लागली. कापड नवं, माप आपलं, कात्री आपली, आणि शर्ट ढगळ.

---

कोपऱ्यातली खिडकी

कोरा पीटरसनबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

सिनेमात ती शल्यविशारदाची मदतनीस आणि लेसर तिच्या ताब्यात. म्हणजे गुठळी ज्याने फोडायची ते हत्यार हिचं. तरी कोरा झालेल्या राकेल वेल्चच्या अंगाला प्रतिपिंडं चिकटतात आणि चार पुरुष ती ओरबाडून काढतात, हाच प्रसंग लोकांना आठवतो. मी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बघितला होता. मागच्या रांगेतून जे आवाज आले ते इथे लिहीत नाही.

म्हणून पुस्तकाकडून मोठी आशा होती. शब्दांत लिहिताना तरी बाईला डोकं मिळेल. मिळतं, थोडं. ती कामात चोख आहे, डॉक्टर ड्यूव्हालवर तिची निष्ठा आहे, हे नीट उतरलंय. पण नायक ग्रँट पानोपानी तिच्याशी लाडीगोडी लावत असतो. घड्याळात साठच मिनिटं, माणूस मरायला टेकलाय, आणि ह्याचं चाललंय! सिनेमा दोन तासांच्या आत संपतो, त्यामुळे तिथे हे सुसह्य होतं. असिमोव्हनी भौतिकशास्त्राची भोकं बुजवली, ह्या भोकाला ठिगळसुद्धा लावलं नाही. त्यांना ते दिसलंच नसावं.

---

काका, हलू नका

मागच्या वर्षी माझी अँजिओग्राफी झाली, मनगटातून. गुंगी अशी नव्हतीच. डावीकडे वर स्क्रीन होता. डाय सोडल्यावर काळ्या फांद्या उमटायच्या आणि विरून जायच्या, आणि त्यातून एक तार हळूहळू सरकत होती. ती मला जाणवत नव्हती, फक्त दिसत होती. माझ्याच आत.

मी पुस्तक सातवी-आठवीत वाचलेलं. त्यात पाणबुडी वाट चुकून धमनीतून शिरेत खेचली जाते आणि हृदयातून जाण्यावाचून इलाज नसतो. ठोके चालू असताना गेली तर चिंधड्या. म्हणून बाहेरचे डॉक्टर बेनेसचं हृदय थांबवतात, साठ सेकंदांच्या आत पलीकडे पोचायचं. टेबलावर पडल्या पडल्या मी मनात सेकंद मोजायला लागलो. सदतीसला पोचलो आणि डॉक्टर म्हणाले, “काका, हात हलवू नका.” मी बोटांवर मोजत होतो.

आणखी एक. पुढे पाणबुडी कानाच्या आतल्या भागात असते तेव्हा ऑपरेशनच्या खोलीत कोणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही अशी आज्ञा असते, आणि तिथे कात्री पडते. आत प्रलय. माझ्या वेळी मागे कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला, चांगला खणखणीत. एकानेही मान वळवली नाही. गाणंही चालू होतं.

सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. आता पाहावासा वाटत नाही.

---

अर्धवट

दोन ऑस्कर मिळालेल्या सिनेमाबद्दल सगळे तक्रारीच करताय म्हणून सांगतो. कलादिग्दर्शन आणि विशेष दृश्यं. संगणक नव्हता तेव्हा. तारांना टांगलेली माणसं पोहताहेत असं दाखवलंय, पाणी नाहीच. असिमोव्ह हजार पानं लिहोत, ते हृदयाचं दालन त्यांना उभं करता आलं नसतं.

---

शब्दखेळ

मी या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मराठीत करायला घेतलं होतं, स्वतःपुरतं, वहीत. पहिल्याच अडचणीत अडकलो. माणसं लहान करण्याच्या क्रियेला काय म्हणायचं? ‘लघुकरण’ लिहिलं तर लघुशंका आठवते (फळाखडूंचा भाचा बरोबर होता!). ‘सूक्ष्मीकरण’ म्हटलं की सहकार खात्याचं परिपत्रक वाटतं. ‘बारीक करणे’ म्हणजे मिक्सर. शेवटी बायको म्हणाली, मारुतीने लंकेत शिरताना काय केलं होतं? सूक्ष्म रूप धरलं. मग ‘सूक्ष्मरूप’ हा शब्द घेतला आणि चमत्कार असा की अमेरिकी लष्कराचे जनरल भीमरूपी म्हणत असल्यासारखे वाटायला लागले.

चौथ्या पानाला वही थांबली. पण एवढं कळलं की या कादंबरीत पात्रं फार बोलतात आणि एकमेकांना ठाऊक असलेलं सांगतात. सिनेमात तीच वाक्यं चालून जातात, कारण मागे दिवे लुकलुकत असतात. कागदावर दिवे नाहीत. हाताने एकेक वाक्य उतरवताना ते बोचतं.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. स्लाइडवाली, दादरचा पूल मी आता विसरणार नाही. पुलाखालचा, तुमची ती प्रत अजून असेल तर पहिली चार पानं मी झेरॉक्स काढून पाठवतो.

धागा मामाला वाचून दाखवला, फोनवर, सगळा. त्याने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. फळाखडूंचा शेवटाचा मुद्दा मात्र परत वाचायला लावला. मग म्हणाला, “म्हणजे शेवट असिमोव्हने बरोबर लिहिला आणि सिनेमावाल्यांनी चुकीचा घेतला.”

म्हटलं, मामा, घेतला नाही, त्यांचा आधीचा होता.

“तेच म्हणतोय मी,” मामा म्हणाला. “पुस्तक नीट वाचलं नाही त्यांनी.”