हळदीच्या पट्ट्या आणि लोणार
शाळेतल्या प्रकल्पांच्या आणि सहलींच्या या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की प्रकल्प पालकच करतात आणि सहल म्हणजे नुसता वॉटरपार्क. प्रकल्पांबद्दल पटलं. मी स्वतः आता दहावीत आहे, आणि सातवीपर्यंतचे माझे बहुतेक प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रं कापून चिकटवलेल्या वह्या होत्या. पण प्रकल्प आणि सहल वेगवेगळी मोजली जातात, खरी गडबड तिथे होते असं मला वाटतं.

नववीत आमची सहल बुलढाणा जिल्ह्यात लोणारला गेली, तिथे एका मोठ्या विवरात खारट पाण्याचं सरोवर आहे. आठवडाभर आधी विज्ञानाच्या बाईंनी सगळ्यांकडून हळदीच्या पट्ट्या करून घेतल्या होत्या: हळद पाण्यात कालवायची, साधा कागद त्यात बुडवून वाळवायचा, बस. विवराच्या काठावर गोड्या पाण्याची धार आहे, तिथे पट्टी पिवळीच राहिली. मग खाली उतरून सरोवराच्या पाण्यात बुडवली तर लगेच लाल! हळद लाल करणारं असं पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, हे पुस्तकात पाठ केलं होतं, पण तो रंग हातात बदलताना पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकात झालंय, हे बाईंनी काठावर उभं करूनच सांगितलं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे मी घरी येऊन आपणहून शोधलं. त्या पट्ट्या अजून माझ्या वहीत आहेत, आणि तो प्रकल्प घरच्या कुणीही लिहून दिलेला नाही.