भाचीला परदेशातल्या बास्केटबॉल क्लबचा करार आलाय, सही करण्याआधी काय काय बघू?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात कुठलाही कायद्याचा कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. आजवर भाडेकरार आणि विम्याचे फॉर्म यावर निभावलं. या वेळी भाचीचा अकरा पानी करार आलाय. वय 23, पॉइंट गार्ड (म्हणजे संघाचा खेळ चालवणारी). युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या लीगमधला क्लब, आठ महिन्यांचा हंगाम. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि बास्केटबॉलमधलं मला एवढंच कळतं की बॉल जाळीतून गेला की टाळ्या वाजवायच्या.

तिचा हिशोब सोपा आहे: आधी हा क्लब, मग पहिल्या फळीतला, मग डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग. म्हणून मी जरा वाचायला बसले. 2024 च्या हंगामात तिथे 12 संघ होते, एका संघात जास्तीत जास्त 12 जणी. म्हणजे तेव्हा अख्ख्या जगातून 144 जागा! त्या वर्षी ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) पहिली निवडली गेलेली केटलिन क्लार्क, तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार 76,535 डॉलर. (जाहिरातींचे पैसे वेगळे, पण ते तिच्यासारख्या एखादीलाच.) तिथला हंगाम संपतो-न संपतो तोच बऱ्याच जणी वर्षानुवर्षं युरोप, तुर्कस्तान, चीन असं खेळायला जायच्या, कारण तेव्हा पैसे तिकडे जास्त मिळायचे. तिथल्याच स्टार खेळाडू डायना टॉरासीला तर 2015 मध्ये रशियन क्लबने 'या वर्षी डब्ल्यूएनबीए खेळू नकोस, आराम कर' म्हणून पैसे मोजले. आणि 2019 मध्ये तशाच दुसऱ्या स्टारचं, ब्रिआना स्टुअर्टचं, अकिलिस टेंडन (टाचेमागचा स्नायुबंध) युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातच तुटलं, डब्ल्यूएनबीएचा अख्खा हंगाम गेला.

हे वाचल्यावर माझं लक्ष पगारावरून उडालं आणि कलम 7 वर गेलं. 'खेळाडू सलग 30 दिवस खेळू शकली नाही तर क्लब करार संपवू शकतो.' दुखापत कुठे झाली, सामन्यात की जिन्यावर, काही फरक नाही. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या डाव्या गुडघ्याची एसीएलची (गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झालीय. आता ती मस्त पळते, पण जमिनीवर बसताना अजून डावा पाय आधी लांब करते आणि मग टेकते. तिला विचारलं तर म्हणते, 'काहीही हं मावशी.'

तर हे कलम नेहमीचंच असतं का? शिवाय एजंट 12 टक्के मागतोय. आणि वाद झाला तर क्लबच्या गावचं कोर्ट, असं लिहिलंय. यातून कुणी गेलं असेल तर सांगा. 'पाठवूच नका' लिहिणाऱ्यांनी टाइप करायचे कष्ट घेऊ नयेत, ती जाणारच आहे.

प्रतिसाद 1

ताई, मी पाच हंगाम बाहेर खेळले. आधी ते कोर्ट काढा. त्या जागी बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलचं कलम घालायला सांगा. हा फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) 2007 मध्ये सुरू केलेला लवाद, मुख्य ठिकाण जिनिव्हा. करारात तसं कलम असेल तरच त्यांच्याकडे जाता येतं, आणि निकाल लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत तर फिबा त्याच्या नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आणू शकते. क्लब घाबरतात ते याला. माझ्या एका करारात हे कलम नव्हतं. त्यातले जानेवारीपासूनचे पगार अजून 'पुढच्या आठवड्यात' येतायत.

एजंट: फिबाच्या नियमात जास्तीत जास्त 10 टक्के. बारा मागतोय म्हणजे एक तर नियम माहीत नाही, नाही तर तुम्हाला माहीत नसेल असं वाटतंय. परवानाधारक एजंटांची यादी फिबाच्या साइटवर असते, नाव बघा. बऱ्याच ठिकाणी ही फी क्लबच वेगळी देतो, तेही विचारा.

कलम 7 तसंच राहू देऊ नका. क्लबच्या सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तर पगार चालू आणि उपचार क्लबच्या खर्चाने, हे स्पष्ट लिहून घ्या. आणि गुडघा लपवू नका. पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत मेडिकल होते, तिथे नापास केलं की परतीचं तिकीट. आमच्या संघातली एक मुलगी बॅग न उघडताच परत गेली होती. रिपोर्ट आधीच पाठवा आणि 'पाहिला, मान्य आहे' असं ईमेलवर घ्या.

प्रतिसाद 2

पगाराचा आकडा कर कापून हातात येणारा आहे का, तेवढं बघा. घर एकटीचं की तिघींत, येण्या-जाण्याचं तिकीट कोण देणार, हेही. शिवाय आपल्या फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्स (ना-हरकत पत्र) लागतं, त्याशिवाय तिकडे अधिकृत सामना खेळता येत नाही.

प्रतिसाद 3

डब्ल्यूएनबीएच्या एवढ्याशा जागांच्या मागे धावण्यात काय अर्थ आहे? पस्तिशीत निवृत्ती, पुढे काय?

प्रतिसाद 1

@3, ती नोकरी मागतेय, मुकुट नाही. त्या जागांच्या बाहेर शेकडो जणी याच खेळावर घर चालवतात. आणि ताईंनी स्टुअर्टची दुखापत सांगितली, पुढचं राहिलं: 2020 मध्ये ती परत आली, तिच्या संघाने डब्ल्यूएनबीएचं विजेतेपद जिंकलं, फायनल्सची एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तीच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल क्लबला ईमेल टाकला. लवादाचं कलम त्यांनी एका ओळीत मान्य केलं, म्हणजे त्यांच्याकडे तयारच होतं, फक्त न मागणाऱ्यांना देत नव्हते! दुखापतीच्या पगारावर घासाघीस चाललीय, ते दोन महिन्यांपर्यंत आलेत, मी हंगाम संपेपर्यंत म्हणतेय. मुदत सोमवारपर्यंत वाढवून घेतली. एजंट 10 वर आलाय आणि माझ्याशी बोलत नाही.

एकच राहिलं. गुडघ्याचा एमआरआय दीड वर्षापूर्वीचा आहे. तोच पाठवू?

प्रतिसाद 1

नाही. नवा काढा, सोमवारच्या आत.