मदत हवी आहे : टिव्होची वर्गणी मित्रांना कशी पटवावी?

(हे पत्र २००४ च्या सुमाराचे आहे; त्यातील दर आणि सोयी तेव्हाच्या.)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि २००३ च्या अखेरीपासून आमच्या घरी टिव्हो, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम आपोआप मुद्रित करून ठेवणारे यंत्र, आहे. मित्रमंडळींत हा विषय निघाला की आक्षेप एकच येतो : यंत्र विकत घेतल्यावर पुन्हा दरमहा १२.९५ डॉलर कशासाठी मोजायचे, व्हीसीआरला तर वर्गणी लागत नाही.

ही रक्कम मुख्यतः वाहिन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेची आहे, हे मी समजावून पाहिले. यंत्र फोनच्या तारेवरून सुमारे दोन आठवड्यांची पत्रिका उतरवून घेते, आणि म्हणूनच एखाद्या मालिकेला एकदा ‘सीझन पास’ (तिचे सगळे भाग आपोआप मुद्रित करण्याची सूचना) लावला की वाहिनीने वार किंवा वेळ बदलली तरी भाग सहसा चुकत नाही. शिवाय चालू प्रक्षेपणाचा अर्धा तास साठत राहतो, त्यामुळे भारतातून आईचा फोन आला तर कार्यक्रम थांबवून निवांत बोलता येते. माझ्या मते एवढ्यासाठीच पैसे वसूल होतात. २९९ डॉलरची आजीवन वर्गणी घेतल्यास चोविसाव्या महिन्यापासून ती मासिक वर्गणीपेक्षा स्वस्त पडते. मात्र ‘आजीवन’ म्हणजे यंत्राचे आयुष्य, आपले नव्हे, हे कळताच सगळे हसू लागले आणि माझा हिशेब तिथेच अडला.

आपल्यापैकी कोणी अशा हिशेबी मित्रांचे मन वळवले आहे का? प्रात्यक्षिक दाखवावे, की आठवडाभर यंत्रच त्यांच्या घरी नेऊन ठेवावे? केबल कंपनीचा भाड्याचा रेकॉर्डर वापरणाऱ्यांनीही आपला अनुभव कृपया कळवावा.