डाकचौकीवरच्या नोकराने चीनचं मिंग घराणं बुडवलं, हे कितपत खरं?

अर्धवट_वाचक: ली झिचेंग हा वायव्य चीनच्या शान्शी प्रांतातला डाकचौकीवरचा साधा नोकर. 1629 मध्ये काटकसरीसाठी चौक्या कमी केल्या, त्याची नोकरी गेली, आणि 1644 मध्ये तोच फौज घेऊन बीजिंगमध्ये शिरला. 1368 पासून टिकलेलं राज्य एवढ्यावर कोसळलं?

जुना_टपाली: तीस वर्षं टपालात काढली, तेव्हा या प्रश्नावर गप्प बसवत नाही. चौक्यांवर पैसा उधळला जात होता हे खरंच. सरकारी घोडे हुकूम नेण्यासाठी, पण परवाने मिळवून अधिकाऱ्यांचे पाहुणेरावळेही त्यावरून हिंडायचे. त्याचा भुर्दंड आसपासच्या गावांवर. सम्राट चोंगझेनने पाहुण्यांऐवजी नोकरांवर कात्री चालवली, तीही शान्शीत दुष्काळ पडलेला असताना. घोडं हाकता येणारी, वाटा पाठ असलेली माणसं उपाशी सोडून दिली, मग ती कुठे जाणार?

पण मूळ दुखणं जुनं. संस्थापक होंगवू हा अनाथ शेतकरी पोर, पोटासाठी मठात राहिलेला. त्याचा कुणावर विश्वास नव्हता. 1380 मध्ये त्याने पंतप्रधानपदच मोडीत काढलं आणि सगळं स्वतःच्या टेबलावर घेतलं. 1384 मध्ये आठ दिवसांत 1,660 अर्ज आणि 3,391 बाबी निकाली काढल्याची नोंद आहे. हे त्यालाच जमलं! पुढे वानली सम्राट वर्षानुवर्षं दरबारात येईना, रिकाम्या जागा भरेना. सही कोण करणार? मधल्या मध्ये राजवाड्यातल्या खोज्यांचं (खच्ची केलेल्या सेवकांचं) फावलं.

हिशेबनीस: टपाली, पैशाचं राहिलं. वानलीचा वरिष्ठ मंत्री झांग जूझेंगने 1581 च्या सुमारास निरनिराळे कर एकत्र करून चांदीत वसूल करायला लावले. हिशेब सोपा झाला, पण शेतकऱ्याला धान्य विकून चांदी आणावी लागे, आणि सुगीला धान्याचा भाव पडलेला. 1618 पासून ईशान्येच्या सीमेपलीकडल्या मांचू लोकांविरुद्धच्या लढाईसाठी वाढीव कर. वर होंगवूच्या 26 मुलांचा वंश हजारोंनी वाढलेला, सगळ्यांना सरकारी तनखा. एवढं करून शिपायांचा पगार थकलेलाच.

अर्धवट_वाचक: मग नवं राज्य लीने का नाही चालवलं?

जुना_टपाली: चालवायला हातात दीड महिनासुद्धा नव्हता. 25 एप्रिलला चोंगझेनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. लीच्या माणसांनी बड्या अधिकाऱ्यांना पकडून, मारझोड करून पैसा काढायला सुरुवात केली. तिकडे चीनच्या मोठ्या भिंतीतल्या शानहाय खिंडीवर सेनापती वू सांगुई मिंगची फौज घेऊन बसलेला. त्याने मांचूंशी हातमिळवणी केली आणि मेअखेर लीचा पराभव झाला. 3 जूनला लीने बीजिंगमध्ये घाईघाईत राज्याभिषेक उरकला, आणि दुसऱ्या दिवशी राजवाड्याला आग लावून पळाला. माझ्या मते तो नुसतं निमित्त. तो नसता तर दुसरा कुणी आला असता, नोकऱ्या त्याच्या एकट्याच्या गेल्या नव्हत्या.

हिशेबनीस: निमित्त म्हणा, पण मांचूंना खिंडीचं दार उघडून मिळालं ते लीमुळेच. नाहीतर भिंतीबाहेर किती वर्षं ताटकळले असते कोण जाणे.