हॉटेलची गुपितं: आधी ब्रँडची की आधी पाहुण्याची?

काउंटरवाला, बार्देश
अकरा वर्षं मी फ्रंट ऑफिसात आहे. आमचं हॉटेल फ्रँचायझीचं. जमीन, इमारत आणि पगार गोव्यातल्या मालकाचे, तर पाटी, बुकिंगची सिस्टम आणि नियमावली बाहेरच्या ब्रँडची. सीझनच्या तोंडावर ब्रँडकडून गोपनीयतेचा करार आलाय. बारा पानं, सगळी इंग्रजीत. रूमबॉयपासून शेफपर्यंत प्रत्येकाने सही करायची. दर, कंपन्यांशी झालेले करार, ट्रेनिंगचे व्हिडिओ, सगळं गुपित. वर नोकरी सोडल्यावर दोन वर्षं गोव्यात दुसऱ्या हॉटेलात काम करायचं नाही.

आता आमच्या काउंटरखालचा ड्रॉवर उघडा. पाहुण्यांच्या पासपोर्टच्या आणि आधारच्या झेरॉक्स त्यात तशाच पडलेल्या असतात. विदेशी पाहुण्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवावी लागते, म्हणून रात्रपाळीचा मुलगा स्वतःच्या मोबाइलवर पासपोर्टचा फोटो काढून ड्यूटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तो फोटो पुढे कोणी पुसत नाही. मुलगा नोकरी सोडून जातो, फोटो त्याच्याबरोबर जातात.

या फोटोंबद्दल बारा पानांत एक ओळ नाही. ज्याने विश्वासाने आपला पासपोर्ट आमच्या हातात दिला, त्याच्यापासून सुरुवात करा, मग दरांचं बघू.

मालक, कळंगुट
ड्रॉवरबद्दल तुमचं बरोबर आहे. पण दरांना इतकं हलकं समजू नका. दोन वर्षांपूर्वी माझा सेल्सचा माणूस गेला आणि वेडिंग प्लॅनरांची यादी घेऊन गेला. कोणाला किती सूट, कोणाचं पेमेंट कधी येतं, सगळं त्यात होतं. पुढच्या सीझनला माझी तीन लग्नं शेजारच्या हॉटेलात लागली, खोलीमागे तीनशे रुपये कमी दराने. रिकाम्या खोल्यांनी कर्जाचा हप्ता भरत नाही. आणि त्या हप्त्यावर पोरांचे पगारही अवलंबून असतात.

मोठ्यांचंही हेच होतं. २००९ मध्ये स्टारवुड या हॉटेल साखळीने हिल्टन या दुसऱ्या साखळीवर दावा लावला. स्टारवुड सोडून हिल्टनमध्ये गेलेल्या अधिकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त कागदपत्रं नेली, असा आरोप होता. २०१० च्या अखेरीस तडजोड झाली. हिल्टनला साडेसात कोटी डॉलर मोजावे लागले, शिवाय आलिशान लाइफस्टाइल हॉटेलांचा नवा ब्रँड दोन वर्षं काढता आला नाही.

वकील, पणजी
मालकबाब, यादीबद्दल तुम्ही बरोबर आहात, दोन वर्षांच्या बंदीबद्दल ब्रँड चुकतोय. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. पेडण्याच्या मुलाला हॉटेलकामाशिवाय दुसरं येत नसेल तर त्याने दोन वर्षं खायचं काय? पण फाइल नेऊ नको, ग्राहकांची यादी वापरू नको, ही अट नोकरी सुटल्यावरही टिकू शकते.

आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. तो करावा असं विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात सुचवलं आहे. तोपर्यंत भिस्त करारावरच. म्हणून त्यात नेमकं काय गुपित ते लिहा. चहाच्या कपाची मांडणीसुद्धा गुपित म्हटली, तर यादी चोरीला गेल्यावर तिचं वेगळं मोल पटवून देणं अवघड होतं. आणि करार मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगा. कोर्ट सहीच बघतं, न वाचता केली ही सबब सहसा चालत नाही.

आयटीवाला, पर्वरी
मी ब्रँडची बाजू घेतो. एका हॉटेलचं दार उघडं राहिलं की घर सगळ्यांचं लुटलं जातं. विंडहॅम या हॉटेल साखळीच्या सिस्टममध्ये २००८ ते २०१० या काळात तीनदा चोर शिरले, पहिल्यांदा अमेरिकेतल्या फिनिक्सच्या एका हॉटेलच्या नेटवर्कमधून. सहा लाखांहून जास्त कार्डांची माहिती गेली. तिथल्या व्यापार आयोगाने २०१२ मध्ये खटला भरला तो विंडहॅमवर. २०२० मध्ये मॅरियटच्या एका फ्रँचायझी हॉटेलातल्या दोन कर्मचाऱ्यांच्या लॉगिनवरून सुमारे ५२ लाख पाहुण्यांपर्यंतची माहिती उघडी पडली. ब्रँड कडक वागतो तो या भीतीने.

काउंटरवाला, बार्देश
दादा, मग ती भीती करारात दिसू द्या ना! दोन लॉगिन म्हणता. आमच्याकडे सहा जणांत एक लॉगिन आहे, पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली. उद्या काही झालं तर सहातला कोण, हे शोधणार कसं? सगळे संशयित, आणि सगळ्यात आधी रात्रपाळीचा पोरगा. शिवाय स्टारवुडच्या डेटाबेसमध्ये २०१४ पासून घुसलेले चोर २०१८ पर्यंत सापडले नाहीत. ५० लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक तिथे एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे सरळ वाचता येतील असे, पडून होते. ते दार कुठल्या काउंटरवाल्याने उघडं टाकलं नव्हतं.

रिसेप्शन सोडलेली, सावंतवाडी
तुम्ही सगळे कॉम्प्युटरवरच बोलताय. मी होते त्या हॉटेलात एका संध्याकाळी फोन आला, ‘मी तिचा भाऊ, ती कुठल्या रूममध्ये आहे?’ नवीन मुलीने चटकन नंबर सांगितला. तो भाऊ नव्हता. ज्याच्यापासून लांब राहायला ती बाई गोव्यात आली होती, तोच होता. त्या रात्री तिने रडत सामान बांधलं, मीच टॅक्सी बोलावून दिली. कुठलाही फोन आला तरी पाहुणा आहे की नाही हेसुद्धा सांगायचं नाही, निरोप घ्यायचा आणि पाहुण्याला कळवायचा, एवढं पहिल्या दिवशी कोणी त्या मुलीला शिकवलं नव्हतं. तिने कागदावर सही मात्र केली होती.

वकील, पणजी
ताई, हे वाचून पोटात कालवलं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. माहिती जपण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे झेरॉक्सचे गठ्ठे साठवणं मालकालाच महागात पडेल. आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत मिळते, ती मागा.

मालक, कळंगुट
वेगळी लॉगिनं देतो, काउंटरवर स्कॅनर ठेवतो, खाजगी मोबाइल बंद. दोन वर्षांची अट काढा असं मीही ब्रँडला लिहीन, कारण अशाने चांगली मुलं माझ्याकडे येणारच नाहीत. पण यादीचं कलम राहणार. त्यावर मी हटणार नाही.

काउंटरवाला, बार्देश
यादीच्या कलमावर मी आजही सही करीन, मालकबाब. बाकीच्या अकरा पानांवर नाही. आमच्या मॅनेजरला हा धागा दाखवला. ड्रॉवरला आज कुलूप लागलं, ग्रुपवरचे जुने फोटो पुसायला सगळ्यांना सांगितलंय. सोडून गेलेल्या चार मुलांच्या मोबाइलमध्ये जे आहे, ते कसं परत आणायचं, कोणी सांगेल का?