मुलीचं नाव 'गोदा': अर्थ काय, आणि दाखल्यावर काय लिहावं?

गोदाकाठची: बारसं पुढच्या रविवारी. 'गोदा' जवळपास नक्की आहे. अर्थ नेमका काय, आणि जन्मदाखल्यावर गोदा लिहावं की गोदावरी? दुसरी नावं सुचवू नका, रास बघायची नाही.

शततारका: बघत नाही म्हणता, तरी सांगते. 'गो' हे शततारकेच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास कुंभ. गौतमी का नाही ठेवत? नदी तीच, शिवाय तीन अक्षरी. मुलीचं नाव विषम अक्षरी असावं असं गृह्यसूत्रांत आहे. गोदा दोन, गोदावरी चार.

पोथीबाहेर: शास्त्रच काढायचं तर मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदीचं नाव असलेली मुलगी बायको करू नये असंही आहे! तरी गंगू, यमू, गोदू, भागीरथी घरोघर होत्याच. अर्थ: गो म्हणजे गाय किंवा पाणी, दा म्हणजे देणारी. गौतम ऋषींनी गोहत्येचं पातक फेडायला ब्रह्मगिरीवर गंगा आणली, म्हणून ती गौतमी. नाशकात तर अजून 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणतात.

कावेरीपार: गोदा म्हणजे नुसती नदी नव्हे. तमिळनाडूतल्या श्रीविल्लीपुत्तूरच्या संत कवयित्री आंडाळचंही ते नाव, तमिळमध्ये कोदै. तिच्या तिरुप्पावैतली 30 पदं मार्गळी महिन्यात रोज एक म्हणतात.

जुनी_नावं: लग्नात नाव बदलायच्या चालीत कितीतरी गोदा कागदावरून गेल्या. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांचं टिकलं, म्हणून सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांच्या वसाहतीला ते नाव आहे.

दाखलेवाला: मूळ प्रश्न राहिला बाजूला. इंग्रजीत जी-ओ-डी-ए लिहिलं की द आणि ड एकच. काउंटरवरून 'गोडा' म्हणून पुकारणार, पुढचा मसाला ज्याने त्याने घालावा. मध्ये एच घातलात तर गोधा होईल, ती संस्कृतात घोरपड. म्हणून कागदावर गोदावरी लिहा, त्याचं स्पेलिंग सगळ्यांना पाठ आहे.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत हवी, नावाचा रकाना कोरा चालतो. नोंदीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा चढलेलं बदलणं मात्र कटकटीचं. त्यामुळे दाखला छापण्याआधी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही रकाने अक्षर-अक्षर वाचा.

मीपण_आलो: वरचं सगळं वाचलं नाही. गौतमी छान आहे.

गोदाकाठची: ठरलं. कागदावरही गोदाच, जी-ओ-डी-ए. गोदावरी लिहिलं की शाळेत तेच पुकारणार आणि गोदा घरापुरती उरणार. मसाल्याचं बघून घेऊ.

शततारका: जन्मवेळ टाका, नावरस नाव तरी काढून देते.